जुन्या ध्वनिसंचाची रास्त किंमत : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. घरातला वापरलेला ॲम्प्लिफायर, टर्नटेबल किंवा स्पीकरची जोडी विकायची झाली तर किती रुपये मागावेत, म्हणजे आपले नुकसान होणार नाही आणि घेणाऱ्यालाही फसल्यासारखे वाटणार नाही, असा तो प्रश्न आहे. म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील मस्कतला नोकरीला होते. १९८० च्या सुमारास त्यांनी तिथून सन्सुईचा ॲम्प्लिफायर, एक जपानी कॅसेट डेक आणि मोठ्या स्पीकरची जोडी आणली होती. शिवाय बऱ्याच रेकॉर्ड आहेत. गेल्या वर्षी वडील गेले आणि आता आम्हाला जागा बदलायची आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून पंधरा हजार रुपये देऊ केले आहेत. भावाचे म्हणणे असे की नुसता ॲम्प्लिफायरच इंटरनेटवर ऐंशी हजारांना लावलेला दिसतो, तेव्हा हा लाखाचा माल आहे. कोणाचे खरे मानावे? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : पंधरा हजार काय किंवा लाख काय, दोन्ही आकडे संचाकडे नीट न पाहता ठरवलेले आहेत, त्यामुळे आधी ते दोन्ही बाजूला ठेवावेत. जाहिरातीत लावलेली किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. ती त्याला मिळाली की नाही हे जाहिरात सांगत नाही. ज्या वस्तूची जाहिरात सहा-सहा महिने तशीच पडून असते, तिची किंमत गिऱ्हाइकांनी नाकारली आहे असेच समजावे. त्याच मॉडेलचे ॲम्प्लिफायर कोणी कितीला लावले आहेत आणि त्यांतला कोणता आठ-पंधरा दिवसांत विकला गेला, याची महिनाभर वहीत नोंद ठेवली तर खरा भाव कुठे आहे याचा अंदाज येतो. परदेशी संकेतस्थळांवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहता येतात आणि त्या नुसत्या जाहिरातींपेक्षा भरवशाच्या असतात. पण त्या सरळ रुपयांत मांडून चालत नाही, कारण वीस किलोंची वस्तू तिथून इथे आणण्याचा खर्च, सीमाशुल्क आणि वाटेतल्या मोडतोडीची धास्ती यांमुळे तो बाजारच वेगळा ठरतो.

आपल्या पत्रात केवळ ‘सन्सुई’ असे लिहिले आहे आणि तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर मॉडेलचा क्रमांक, व्होल्टेज आणि विजेचा वापर छापलेला असतो; त्या मजकुराचा स्पष्ट फोटो काढावा. सत्तरच्या दशकातल्या ‘एयू’ मालिकेतले सन्सुईचे जपानी ॲम्प्लिफायर हौशी मंडळी आजही शोधत असतात, परंतु त्या मालिकेतही लहान-मोठी मॉडेले आहेत आणि त्यांच्या भावात कित्येक पटींचे अंतर पडते. पुढच्या काळात आपल्याकडे व्हिडिओकॉनने सन्सुई या नावाने दूरचित्रवाणी संच विकले, त्यामुळे नाव घराघरांत ओळखीचे झाले. त्या ओळखीचा आपल्या ॲम्प्लिफायरच्या किमतीशी काही संबंध नाही.

यानंतर संच चालतो का, हे पाहण्याची घाई होईल. पण कृपया तो सरळ प्लगमध्ये लावू नये. आखाती देशांतून आलेल्या बऱ्याच संचांना मागच्या बाजूला व्होल्टेज बदलण्याचा खटका असतो आणि तो ११० वर राहिला असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर संच क्षणात जळू शकतो. अनेक वर्षे बंद राहिलेल्या ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असण्याचीही शक्यता असते. जाणता कारागीर असा संच पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावतो, म्हणजे विजेच्या वाटेत शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब जोडतो. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर आत मोठा बिघाड नाही असे धरता येते. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि पुढचे नुकसान टळले. या तपासणीसाठी कारागिराला जे पैसे द्यावे लागतील ते खुशाल द्यावेत, कारण ‘चालतो की नाही माहीत नाही’ अशा ॲम्प्लिफायरला बंद ॲम्प्लिफायरचाच भाव मिळतो आणि त्यात घेणाऱ्याची चूक नसते.

स्पीकरची जाळी काढून वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, कागदी शंकूभोवतीची कड पाहावी. ती फोमची असेल तर इतक्या वर्षांत बहुतेक तिचा भुगा झालेला असेल. बोटाने हलकेच दाबले तरी ती चिकट लागते किंवा तुटून हातात येते. कड रबराची किंवा कापडाची असेल तर ती अजून शाबूत असू शकते. फोमची नवी रिंग बसवून मिळते आणि मूळचा शंकू, मूळची कॉइल कायम राहत असेल तर त्या स्पीकरचे मोल फारसे घटत नाही. मूळ वूफर काढून त्याजागी दुसराच बसवला असेल तर मात्र ती जोडी नावापुरतीच त्या कंपनीची उरते आणि विकताना तसे सांगणे भाग आहे. लाकडी खोक्याचा तळ आणि पाठही पाहावी, कारण वाळवी लागलेली असते ती बहुधा भिंतीकडच्या बाजूलाच.

आता हिशेब मांडू. समजा, महिनाभराच्या नोंदीवरून असे दिसले की आपल्या मॉडेलचे चालू, तपासलेले ॲम्प्लिफायर तीस हजारांच्या आसपास जात आहेत. कारागिराने सांगितले की आवाजाचे बटन फिरवताना खरखर येते, एका बाजूचा रिले (स्पीकर जोडणारा आतला विजेचा खटका) नीट जुळत नाही, मोठे कपॅसिटर बदलून टाकावे लागतील आणि या सगळ्याला सात हजार लागतील. मग रास्त किंमत तेवीस हजार झाली, असे वाटेल. परंतु घेणाऱ्याला कारागीर गाठावा लागणार, संच उचलून न्यावा लागणार, काही आठवडे वाट पाहावी लागणार आणि उघडल्यावर आणखी काही निघाले तर तेही त्यालाच सोसावे लागणार. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाची दीडपट वजा करावी, असे माझे मत आहे. ती इथे साडेदहा हजार होते आणि किंमत साडेएकोणीस हजार येते. घेणाऱ्याच्या हाती वस्तू पडल्यापासून ती सुखाने वाजू लागेपर्यंत त्याचे जे काही जाणार, ते किमतीतून आधीच वजा झालेले असावे, हे एक सूत्र धरले तर बहुतेक गोंधळ मिटतो.

मग आपणच दुरुस्ती करून पूर्ण तीस हजार का मागू नयेत, असे कोणीही विचारील. बटनांची सफाई, बेल्ट, फ्यूज, खराब झालेली प्लगची वायर अशी किरकोळ कामे अवश्य करून घ्यावीत. त्यांचे पैसे निघतात. मोठी दुरुस्ती मात्र विकण्यापुरती करू नये. जाणत्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा कारागीर ठरलेला असतो आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर त्याचा विश्वास नसतो, आणि तोही कारणाशिवाय नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या हुबेहूब नकला बाजारात सर्रास मिळतात. तोशिबाची ५२०० आणि १९४३ या क्रमांकांची जोडी तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. पूर्वी कधी असे काम झाले असेल तर त्याची पावती आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून संचाबरोबर द्यावेत. त्या पिशवीने किंमत टिकते.

कॅसेट डेकबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. नाकामिचीसारखी काही थोडी नावे सोडली तर डेकला मागणी बेताचीच आहे आणि आतले रबरी बेल्ट इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखे चिकटलेले असतात. रेकॉर्ड या संचाबरोबर मुळीच देऊ नयेत. त्यांचा गिऱ्हाईक वेगळा आणि भावही प्रत्येक रेकॉर्डच्या स्थितीप्रमाणे वेगळा असतो.

त्या व्यापाऱ्याविषयीही एक सांगायला हवे. तो सगळे एकदम उचलतो, दुरुस्ती करून घेतो, जागेचे भाडे भरतो आणि न विकले गेलेले सामान त्याच्याच अंगावर पडते, तेव्हा किरकोळ भावाच्या निम्म्याने त्याने मागितले तर त्याला लुबाडणूक म्हणता येत नाही. आपल्याला वेळ नसेल तर तो निम्मा भाव घेणेही शहाणपणाचे ठरेल. मात्र तो निम्मा भाव प्रत्येक वस्तूचा वेगळा ठरवून घ्यावा. ‘सगळ्याचे मिळून’ या शब्दांत सर्वांत मोलाची वस्तू फुकट जाते. आणि वडिलांच्या हातची एखादी वस्तू घरात ठेवावीशी वाटत असेल तर ती आधीच बाजूला काढावी. आठवणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून अशी वस्तू विकताना आपल्याला प्रत्येक आकडा कमीच वाटत राहतो आणि व्यवहार अडतो.

प्रश्न : २०१३ साली मी होम थिएटरचा रिसीव्हर अठ्ठावन्न हजारांना घेतला. तो अगदी नव्यासारखा आहे, खोके आणि पावतीही आहे. ओएलएक्सवर तीस हजारांना लावला, तर लोक दहा-बारा हजारांच्या वर जायला तयार नाहीत. हा अपमानच नव्हे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला राग समजतो, पण आपल्याला सांगितलेला भाव वाजवी आहे. होम थिएटरचा रिसीव्हर ही एका डब्यात घातलेली दोन यंत्रे असतात. त्यातला आवाज वाढवणारा भाग वीस वर्षे टिकतो. चित्र आणि ध्वनीचे संकेत हाताळणारा अंकीय भाग मात्र पाच-सहा वर्षांतच मागे पडतो. २०१३ च्या रिसीव्हरमध्ये साधारणपणे एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीने नेणाऱ्या जोडणीची, १.४ ही आवृत्ती असते आणि फोर-के चित्राच्या संरक्षणासाठी पुढे आलेली एचडीसीपी २.२ ही व्यवस्था नसते, त्यामुळे आजचे फोर-के प्लेअर त्यातून टीव्हीला जोडले तर चित्र नीट पुढे जात नाही. घरगुती रिसीव्हरमध्ये डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज ऐकवणारी ध्वनिपद्धती) आले तेही २०१४ मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीनंतर. आपण वस्तू कितीही जपली असली तरी या उणिवा भरून निघत नाहीत. याच किमतीचा साधा दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर आपण २०१३ मध्ये घेतला असता तर आज त्याचे निम्म्याच्या आसपास पैसे सहज आले असते.

अशा रिसीव्हरची किंमत ठरवताना जुनी पावती पाहू नये. आज बाजारात मिळणारा सर्वांत साधा नवा रिसीव्हर, हमीसकट, कितीला पडतो ते पाहावे आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास थांबावे. जाहिरातीत एक गोष्ट मात्र जरूर लिहावी : एचडीएमआय १.४ मध्ये टीव्हीकडून आवाज परत घेण्याची, म्हणजे एआरसीची सोय असते. प्लेअर सरळ टीव्हीला जोडायचा आणि आवाज त्या वाटेने रिसीव्हरकडे आणायचा, असे केले तर फोर-केची अडचण उरत नाही. आपल्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहून आणि स्वतः जोडून खात्री करावी. घेणाऱ्याला वस्तू वापरायची वाट दाखवली की तो हजार-दोन हजार जास्त द्यायला तयार होतो. रिमोट आणि खोलीचा आवाज मोजण्यासाठी दिलेला छोटा माइक सापडत असेल तर तोही बरोबर ठेवावा. ते दोन्ही नसतील तर आहे त्याहून कमी किंमत धरावी लागेल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेहून परतताना बेल्टवर चालणारे थोरेन्सचे टर्नटेबल घेऊन आला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवले तर गाणी संथ आणि जड वाजतात. एका दुकानदाराच्या मते मोटर गेली आहे, पाच हजारांत देऊन टाका. खरोखर इतकीच किंमत आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली मोटर बहुधा ठणठणीत आहे. विकण्याआधी हे पत्र लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण या एका गैरसमजापायी कितीतरी चांगली टर्नटेबले मातीमोल भावाने गेली आहेत.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची. त्या काळातल्या बेल्टच्या टर्नटेबलांमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते आणि तिची गती केवळ वारंवारतेवर ठरते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी आपल्याकडे त्याच्या पाच षष्ठांश वेगाने, म्हणजे २७.८ च्या आसपास फिरते. वीस मिनिटांची बाजू संपायला चोवीस मिनिटे लागतात आणि सूर सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरतो. काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येते. आपल्याला जाणवणारा जडपणा हाच असणार. घड्याळ लावून रेकॉर्डची एक बाजू मोजून पाहावी. वेष्टनावर छापलेल्या वेळेच्या १.२ पट वेळ लागला तर निदान पक्के झाले.

यावर उपाय सोपा आहे. मोटरच्या दांड्यावर बसणारी पुली ६० हर्ट्झच्या हिशेबाने लहान असते, ती काढून ५० हर्ट्झची, म्हणजे सुमारे १.२ पट व्यासाची पुली बसवावी लागते. थोरेन्सने दोन्ही वारंवारतांसाठी वेगवेगळ्या पुली दिल्या होत्या आणि त्या आजही मिळवता येतात. ती मिळेपर्यंत कोल्हापुरात आपल्याला वाट पाहत बसण्याचेही कारण नाही, कारण उद्यमनगरातला कुशल लेथवाला नमुना पाहून पितळेची पुली करून देईल. फक्त त्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. पुलीचे भोक तंतोतंत मध्यावर असले पाहिजे, कारण केसभर जरी ते सरकले तरी लांबवलेला सूर हेलकावे घेऊ लागतो. आणि बेल्ट जिथे बसतो तिथला हलका फुगवटा मूळ पुलीसारखाच ठेवला पाहिजे, कारण बेल्ट त्याच्यामुळेच जागेवर राहतो. काम झाल्यावर वेग तपासण्यासाठी ५० हर्ट्झची स्ट्रोबची तबकडी वापरावी, जिच्यावर ३३⅓ साठी १८० रेघा असतात. ती विजेवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याखाली पाहावी; वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा स्थिर दिसतीलच असे नाही.

आता किमतीचे पाहू. पुली बदलून, वेग तपासून दाखवलेले टर्नटेबल हे पूर्ण चालू टर्नटेबल आहे आणि त्याच मॉडेलच्या चालू टर्नटेबलचा भाव आपण मागावा. सुईचे मात्र वेगळे धरावे. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते आणि आधीच्या मालकाने ती किती वाजवली हे आपल्याला सांगता येणार नाही, तेव्हा ती झिजलीच आहे असे समजून नव्या सुईची पूर्ण किंमत वजा करावी. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बरोबर द्यावा आणि मोटर किती व्होल्टची आहे हे लिहून द्यावे. पुढच्या मालकाने अजाणता ते सरळ प्लगमध्ये लावले आणि मोटर खरोखरच गेली, असे होऊ देऊ नये.

प्रश्न : आमच्या इमारतीतले एक काका, वय पंचाहत्तरच्या पुढे, त्यांच्याकडचे टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ टर्नटेबल मला दोन हजारांना द्यायला निघाले आहेत. मला त्याचे मोल माहीत आहे, त्यांना नाही. मित्र म्हणतात, किंमत त्यांनीच सांगितली, मग बोलायचे काय? मला मात्र चैन पडत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्याला चैन पडत नाही हे योग्यच आहे. आपण काकांना खरी किंमत सांगावी आणि मग घ्यावे.

एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ साली आले, त्याची एमके २ ही आवृत्ती १९७९ मध्ये निघाली आणि २०१० मध्ये उत्पादन बंद झाल्यावर जगभरातून इतकी मागणी राहिली की कंपनीला २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. ज्याच्या मोटरला बेल्टच नाही आणि ज्याचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला आहे, असे ते यंत्र आहे; नीट ठेवलेले असेल तर आणखी एक पिढी वापरील. दोन हजार ही त्याची किंमत काकांनी ठरवलेली नाही. त्यांना माहिती नसल्यामुळे तो आकडा त्यांच्या तोंडून निघाला आहे. अनोळखी माणसाने भर बाजारात वस्तू मांडून किंमत सांगितली असेल, तर तिथे दोघेही व्यापाराला उभे असतात आणि आपली पारख हा आपला नफा असतो, हे मी मान्य करतो. काका बाजारात उभे नाहीत. ते आपल्यावर विश्वास ठेवून घरातली वस्तू देत आहेत आणि उद्या त्यांच्या मुलाला किंवा नातवाला खरा भाव कळला तर त्या घरचा उंबरा आपल्याला ओलांडवणार नाही.

किंमत सांगितली म्हणजे सौदा हातचा जाईल असे मानू नये. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हलकेच धरून त्याच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का, वेगाची सरकपट्टी मध्यावर असताना कडेच्या ठिपक्यांची रांग स्थिर राहते का, मागच्या वायरी तुटक्या आहेत का, हे त्यांच्यासमोर तपासावे, चालू बाजारभाव दाखवावा, आणि आपण ते घरूनच उचलणार, जाहिरात नाही, अनोळखी माणसांची ये-जा नाही, या सोयीसाठी थोडी सूट मोकळेपणाने मागावी. पंधरा-वीस टक्के सूट अशा व्यवहारात कोणालाही खटकत नाही. पूर्ण रक्कम आज जमत नसेल तर हप्ते मागावेत. शेजारी माणूस तेवढे ऐकतो. आणि सगळे समजल्यावरही काका ‘तूच घे, दोन हजारच दे’ म्हणाले, तर ती त्यांची भेट आहे. ती आनंदाने घ्यावी.

प्रश्न : माझ्या संचावर ‘२००० वॉट’ असे ठळक लिहिले आहे, तरी कोणी तीन हजारांच्या वर देत नाही. चाळीस वॉटच्या जुन्या ॲम्प्लिफायरला मात्र वीस हजार मिळतात. असे कसे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) असे लिहिलेले असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या जाहिराती या मापाने भरलेल्या असत, परंतु ते मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा सुचला तो त्याने छापला. आपल्या संचाच्या पाठीवर विजेचा वापर लिहिलेला असेल तो पाहावा. प्लगमधून साठ वॉट घेणारा संच स्पीकरला सतत साठ वॉटसुद्धा देऊ शकत नाही, मग दोन हजार कुठून आणणार? अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम करून ॲम्प्लिफायरची सतत मिळणारी शक्ती ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहिरात करण्याचे बंधन घातले, म्हणून त्या काळातल्या संचांवरचे चाळीस वॉट हे खरोखरचे चाळीस वॉट असतात. आपल्या जाहिरातीतून २००० हा आकडा काढून टाकावा आणि यूएसबी, ब्लूटूथ, रेडिओ यांपैकी काय काय चालते ते लिहावे. त्या सोयींसाठी तीन हजार देणारे गिऱ्हाईक मिळत असेल तर द्यावा.

प्रश्न : माझी स्पीकरची जोडी आणि ॲम्प्लिफायर बंगळुरूच्या एका गृहस्थांनी फोटोवरून पसंत केला आहे. किंमत ठरली. आता ते म्हणतात, पंधरा दिवसांत परत करण्याची मुभा द्या, आणि वाहतुकीत काही मोडले तर जबाबदारी तुमची. इतके मान्य करावे का? इथल्या दमट हवेचा किमतीवर परिणाम होतो का, हेही सांगावे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हवेचे आधी सांगतो. किनाऱ्यावरच्या खारट, दमट हवेत स्विच आणि सॉकेट काळे पडतात, एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची, खोकी तळाशी फुगतात आणि फोम लवकर जातो, हे जाणते गिऱ्हाईक ओळखून असते. केवळ गावाचे नाव पाहून किंमत पाडण्याचा प्रयत्न झाला तर तो मानू नये. सॉकेटचे, खोक्याच्या तळाचे आणि वूफरच्या कडेचे जवळून काढलेले फोटो द्यावेत आणि त्यांत जे दिसेल तेवढ्यापुरतीच किंमत कमी करावी.

परतीची मुभा द्यावी, पण पंधरा दिवस फार होतात. वस्तू हाती पडल्यापासून तीन दिवस पुरेसे आहेत आणि तीही ‘सांगितल्याप्रमाणे नाही’ या एकाच कारणासाठी असावी. आवाज आवडला नाही, हे कारण जुन्या वस्तूला लागू होत नाही. आपण काय सांगितले होते याचा पुरावा राहावा म्हणून पाठवण्याच्या दिवशी दोन्ही चॅनेल आळीपाळीने वाजवून, प्रत्येक बटन फिरवून, अनुक्रमांक दिसेल असा सलग व्हिडिओ काढावा आणि तो त्यांना आधी पाठवून त्यांची संमती लेखी घ्यावी. अनुक्रमांकाचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण दुसराच बिघडलेला संच परत पाठवण्याचे प्रकार घडतात.

वाहतुकीची जबाबदारी किंमत ठरवतानाच बोलायला हवी होती, कारण ती किमतीचाच भाग आहे. आपण पॅकिंगची जबाबदारी घ्यावी आणि विम्याचा खर्च घेणाऱ्याने द्यावा, ही वाटणी मला रास्त वाटते. ॲम्प्लिफायरचे वजन ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला एकवटलेले असते, त्यामुळे थर्माकोलचे नुसते तुकडे टाकले तर तो आतल्या आत कोपऱ्यावर आदळतो. जाड फोमच्या सलग पट्ट्या सहाही बाजूंना लावून एका खोक्यात दुसरे खोके, असे पॅकिंग करावे. स्पीकर जाळीकडून एकमेकांसमोर ठेवू नयेत आणि दोन्ही एका खोक्यात घालू नयेत. पावसाळ्यात पाठवायचे झाल्यास आतून प्लास्टिकचे आवरण हवे, आणि पेटीवर नुसते ‘नाजूक’ लिहून भागत नाही, उभी बाजू कोणती तेही बाणाने दाखवावे. रत्नागिरीहून बंगळुरूला जाणारा कोणी ओळखीचा मोटारीने निघणार असेल तर आठवडाभर थांबून त्याच्याबरोबर पाठवणे केव्हाही चांगले. तेवढ्यासाठी हजार रुपये कमी घ्यावे लागले तरी घ्यावेत.

पैसे पूर्ण खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या नोंदीत पाहूनच वस्तू हलवावी. पैसे देण्यासाठी म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला आणि यूपीआयचा पिन टाकायला सांगितले तर तिथेच व्यवहार थांबवावा, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.